उजेड पडताच जागे होणारे औषध

जन्मल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळ पिवळे दिसू लागले की दवाखान्यात त्याला निळ्या दिव्याखाली ठेवतात, हे आता खेड्यापाड्यांतल्या आजीबाईंनाही ठाऊक झाले आहे. इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्ड रुग्णालयात १९५६ च्या सुमारास एका परिचारिकेच्या लक्षात आले की बाळाच्या अंगाचा जो भाग उन्हात राहतो तेथील पिवळेपणा कमी होतो. त्यातून ही पद्धत निघाली. तेथे उजेड हेच औषध असते. त्याला दुसऱ्या कशाची जोड लागत नाही.

आजचा विषय याच्या थोडा पुढचा आहे. काही औषधे अशी आहेत की ती अंगाला लावली किंवा पोटात घेतली तरी अंधारात जवळजवळ काहीच करत नाहीत. त्यांच्यावर ठरावीक प्रकारचा उजेड पडला की ती कामाला लागतात. या गुणाचा उपयोग उन्हाने बिघडलेल्या त्वचेपासून अंगावरच्या पांढऱ्या डागांपर्यंत अनेक विकारांत केला जातो. पण त्याच गुणामुळे ही औषधे अर्धवट माहितीवर वापरली तर अंग भाजते. आपल्याकडे कोडावर बावचीचे तेल चोळून उन्हात बसण्याची पद्धत जुनी आहे आणि त्यापायी फोड घेऊन येणारे रुग्णही नवे नाहीत. म्हणून हा विषय नीट समजून घ्यायला हवा.

तीन गोष्टींचा मेळ

या उपचारांतील एका मोठ्या प्रकाराला प्रकाशगतिक उपचार किंवा फोटोडायनॅमिक थेरपी म्हणतात. त्याला तीन गोष्टी लागतात. पहिली, उजेड शोषून घेणारे औषध. दुसरी, त्या औषधाला मानवणाऱ्या रंगाचा उजेड. तिसरी, आपल्या पेशींत असलेला प्राणवायू. औषध उजेडातील शक्ती शोषून घेते आणि ती जवळच्या प्राणवायूला देते. त्यामुळे प्राणवायू क्षणभर अतिशय तीव्र रूप धारण करतो आणि ज्या पेशीत असेल त्या पेशीची मोडतोड करतो. हे तीव्र रूप एका सेकंदाच्या अगदी सूक्ष्म अंशापुरतेच टिकते, त्यामुळे त्याला फार दूर जाता येत नाही. शेजारची निरोगी पेशी बऱ्याच अंशी वाचते ती यामुळेच.

दिवाळीच्या फटाक्यातली दारू वात पेटेपर्यंत गप्प पडून असते, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की येथे वात कोणत्या रंगाच्या उजेडाने पेटेल, किती वेळ पेटेल आणि कोठे पेटेल हे डॉक्टर ठरवू शकतात.

थोडा इतिहास

उजेडाने त्वचारोग बरा करण्याचे आधुनिक काळातील पहिले मोठे श्रेय डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना जाते. त्या काळी चेहऱ्याच्या कातडीचा क्षयरोग हा भयंकर विद्रूप करणारा आजार होता. फिन्सेन यांनी विजेच्या प्रखर दिव्याचा प्रकाश भिंगांतून एकवटून त्यावर सोडला आणि अनेक रुग्ण बरे केले. त्याबद्दल त्यांना १९०३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे डॅनिश संशोधकांनी त्यांची जुनी भिंगे तपासली, तेव्हा जंतू मारणारे तीव्र अतिनील किरण त्या काचेतून फारसे पार होत नाहीत असे आढळले. मग गुण कशाने आला? क्षयाच्या जंतूंमध्येच उजेड शोषणारी काही द्रव्ये असतात आणि उजेड पडल्यावर ती जंतूंच्या मुळावर आली असावीत, असे या संशोधकांचे मत आहे. म्हणजे औषध जंतूंच्या पोटातच होते म्हणायचे.

त्याच सुमारास जर्मनीतील म्युनिक येथे ऑस्कर राब हा विद्यार्थी प्राध्यापक हेर्मान फॉन टापायनर यांच्या हाताखाली पाण्यातील सूक्ष्म जीवांवर एका रंगद्रव्याचा प्रयोग करीत होता. तेच रंगद्रव्य, तेवढेच प्रमाण, तरी जीव कधी लवकर मरत, कधी उशिरा. शोध घेता लख्ख उजेडात ते लवकर मरतात आणि अंधारात तग धरतात असे दिसले. हे निष्कर्ष १९०० मध्ये प्रसिद्ध झाले. १९०३ मध्ये टापायनर आणि त्यांच्या सहकाऱ्याने इओसिन हा रंग लावून त्वचेच्या गाठींवर प्रकाश सोडण्याचा प्रयोगही केला.

१९१२ मध्ये जर्मनीतच फ्रीडरिश मायर-बेट्स या डॉक्टरांनी स्वतःच्या शिरेत रक्तापासून काढलेले एक रंगद्रव्य टोचून घेतले. घरात असेपर्यंत काही झाले नाही. उन्हात गेल्यावर मात्र चेहरा आणि हात सुजून ओळखू येईनासे झाले, आणि हा त्रास पुढे कित्येक आठवडे राहिला. औषध अंगात आहे तोपर्यंत उजेड जपूनच घ्यावा लागतो, हा धडा त्यांनी स्वतःवर प्रयोग करून जगाला दिला.

त्यानंतर १९७० च्या दशकात अमेरिकेतील बफेलो येथे थॉमस डॉगर्टी यांनी कर्करोगावर ही पद्धत पद्धतशीरपणे वापरली. पण ते औषध शिरेतून द्यावे लागे आणि रुग्णाला अनेक आठवडे उन्हापासून लपून राहावे लागे. त्वचेसाठी सोयीचा मार्ग १९९० मध्ये कॅनडातील जेम्स केनेडी आणि रॉय पॉटियर यांनी दाखवला. त्यांनी औषध टोचण्याऐवजी मलमासारखे वरून लावले.

शरीरच औषध तयार करते

या मलमातील द्रव्याचे नाव अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल. हे द्रव्य स्वतः उजेड शोषत नाही. आपल्या रक्ताला लाल रंग देणारा जो भाग आहे तो बनवण्यासाठी शरीर रोज याच आम्लाचा कच्चा माल म्हणून उपयोग करते. त्या साखळीत शेवटच्या पायरीच्या अगोदर एक पॉर्फिरिन तयार होते आणि शेवटच्या पायरीवर त्यात लोह मिसळले जाते. उजेड शोषून घेतो तो हा लोह मिसळण्याअगोदरचा पॉर्फिरिन.

बिघडलेल्या पेशींत ही शेवटची पायरी संथ असते. शिवाय त्यांच्यावरचा कातडीचा थर खडबडीत आणि सच्छिद्र झालेला असल्याने मलमही त्यांत जास्त शिरते. गुऱ्हाळावर ऊस भराभर गाळला जावा आणि चुलाणावरची काहील मात्र एकच असावी, मग रस पिंपात साचत जातो. त्याप्रमाणे बिघडलेल्या पेशींत पॉर्फिरिन साचते. निरोगी पेशींत त्यामानाने कमी साचते. मग निळा किंवा लाल दिवा लावला की जेथे साठा जास्त तेथेच मोडतोड जास्त होते. चांगले सोडून वाईटावर घाव घालण्याची ही युक्ती आहे.

उन्हाने बिघडलेली त्वचा

अमेरिकेत हे औषध निळ्या दिव्यासह वापरण्यास १९९९ च्या डिसेंबरमध्ये मान्यता मिळाली. ज्या विकारासाठी ती मिळाली तो आपल्याकडे फारसा ऐकू येत नाही. वर्षानुवर्षे ऊन खाल्लेल्या गोऱ्या लोकांच्या कपाळावर, टकलावर, कानांच्या कडांवर आणि हातांच्या पाठीवर खरखरीत, खवल्यासारखे, लालसर चट्टे उठतात. डोळ्यांना दिसण्यापेक्षा ते बोटांना आधी लागतात. सँडपेपरवर बोट फिरवल्यासारखे वाटते. यांतील बहुतेक चट्टे तसेच राहतात, काही आपोआप जातात, पण थोड्यांचे पुढे कर्करोगात रूपांतर होऊ शकते. म्हणून ते वेळीच काढतात. ऑस्ट्रेलियासारख्या देशात, जेथे गोरी कातडी आणि कडक ऊन यांची गाठ पडली आहे, तेथे हा घरोघरचा प्रश्न आहे.

उपचार असा करतात. आधी चट्ट्यावरची खपली हलकेच खरवडतात. त्यावर मलम लावून उजेड आत जाणार नाही अशी पट्टी बांधतात. मलमाच्या प्रकाराप्रमाणे काही तास थांबतात. मग पट्टी काढून, मलम पुसून दिव्याखाली बसवतात. लाल दिव्याखाली साधारण आठ-दहा मिनिटे लागतात. निळ्या दिव्याच्या मूळ पद्धतीत सोळा मिनिटे चाळीस सेकंद. रुग्ण आणि कर्मचारी दोघेही डोळ्यांवर संरक्षक चष्मा घालतात.

या वेळी आग होते, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. मिरची लागल्यासारखी किंवा गरम तेल उडाल्यासारखी ती असते. पंख्याचा वारा आणि गार पाण्याचा फवारा यांनी ती सोसवते. त्यानंतर तो भाग लाल होतो, सुजतो, खपली धरतो आणि एक-दोन आठवड्यांत नवी कातडी येते. शस्त्रक्रियेच्या मानाने व्रण फार कमी राहतो, हा या पद्धतीचा मोठा फायदा. चेहऱ्यावर एकाच वेळी वीस चट्टे असतील तर प्रत्येक कापत बसण्यापेक्षा सर्वांवर एकदम उपचार होतो, हा दुसरा.

उपचारानंतर सुमारे दोन दिवस उन्हात आणि प्रखर दिव्यांत जायचे नसते. येथे एक गैरसमज होतो. आपल्याकडे मिळणारी साधी उन्हापासून बचाव करणारी मलमे अतिनील किरण अडवतात. हे औषध मात्र डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही जागे होते. म्हणून मलम फासून बाहेर पडलो तर चालेल असे नाही. कपडा, टोपी आणि सावली हाच उपाय.

आग कमी व्हावी म्हणून डेन्मार्कमध्ये दिव्याऐवजी साध्या दिवसाच्या उजेडावर हा उपचार करण्याची पद्धत निघाली. मलम लावून अर्ध्या तासाच्या आत रुग्णाने बाहेर बागेत जायचे आणि दोन तास तेथे थांबायचे. औषध जसजसे तयार होते तसतसे थोडे थोडे वापरले जाते, साठा होत नाही, म्हणून आग फार कमी होते. सौम्य चट्ट्यांना ही पद्धत पुरते.

याच उपचाराने त्वचेच्या वरवरच्या थरातले काही कर्करोगही बरे करतात. पण ‘वरवरच्या’ या शब्दाला महत्त्व आहे. उजेड आणि मलम दोन्ही कातडीत एक-दोन मिलिमीटरच्या फार पलीकडे पुरेसे पोचत नाहीत. खोल गेलेल्या गाठीला किंवा काळ्या तिळासारख्या घातक कर्करोगाला हा उपचार नाही. तेथे शस्त्रक्रियाच हवी. मुरुमांसाठीही काही ठिकाणी ही पद्धत वापरतात. परंतु ती मुरुमांवरची पहिली पायरी नव्हे. साध्या औषधांनी बहुतेकांचे मुरूम आटोक्यात येतात.

आपल्या उन्हात आपली कातडी

वाचक विचारतील, आमचा शेतकरी जन्मभर उन्हात राबतो, त्याला हे चट्टे का येत नाहीत? उत्तर आहे त्याच्या रंगात. आपल्या कातडीत मेलानिन हे काळे-तपकिरी द्रव्य भरपूर असते आणि ते पेशींवर छत्रीसारखे पसरून उन्हाचा मारा झेलते. ज्या सावळ्या रंगापायी मुलीचे लग्न अडते म्हणून आपण कुरकुरतो, तो रंग ही फुकट मिळालेली मोठी ढाल आहे.

पण ही ढाल सर्वांकडे नसते. जन्मतःच अंगात रंगद्रव्य नसलेली, पांढरे केस आणि गुलाबी कातडी असलेली मुले आपल्या गावांतही असतात. उन्हात डोळे मिटणारी ही मुले पुढे तरुणपणीच त्वचेच्या कर्करोगाला बळी पडू शकतात. त्यांना पूर्ण बाह्यांचे कपडे, रुंद काठाची टोपी आणि सावलीतले काम मिळावे, याची काळजी आई-वडिलांनी आणि शिक्षकांनी घ्यायला हवी. शिवाय सावळ्या माणसालाही त्वचेचा कर्करोग होतच नाही असे नाही. जुन्या भाजलेल्या व्रणावर किंवा वर्षानुवर्षे न भरणाऱ्या जखमेवर तो उद्भवू शकतो. महिना-दीड महिना उलटूनही न भरणारी जखम, सारखा रक्त येणारा चट्टा, ओठावरची न जाणारी खपली दिसल्यास डॉक्टरांना दाखवावे. आधी छोटा तुकडा काढून तपासणी, मग उपचार, हाच क्रम बरोबर.

उन्हाशी संबंधित दिसणारा प्रत्येक चट्टा उन्हाचा नसतो. चेहरा, मान, कोपराची घडी येथे खाज सुटून कातडी जाड आणि काळी पडत असेल तर शेताच्या बांधावरच्या गाजर गवताचा, म्हणजेच काँग्रेस गवताचा विचार करावा. हवेतून उडणाऱ्या त्याच्या कणांची वावडी अनेकांना होते, आणि पुढे अशा काहींना ऊनही सोसेनासे होते. त्यांना उजेडाचा उपचार घरच्या घरी सुरू केला तर आगीत तेल ओतल्यासारखे होईल.

कोड आणि बावची

आता आपल्याकडच्या खऱ्या प्रश्नाकडे वळू. कोड म्हणजे अंगावरचे पांढरे डाग. जगभरात शंभरातील अर्धा ते दोन जणांना हा विकार असतो. शरीराची संरक्षक यंत्रणा चुकून स्वतःच्याच रंगपेशींवर हल्ला करते, म्हणून डाग पडतो. हा विकार स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा कपड्यांतून पसरत नाही. पूर्वी त्याला ‘श्वेतकुष्ठ’ म्हणत. या एका नावाने फार नुकसान केले आहे, कारण कुष्ठरोगाशी त्याचा काहीही संबंध नाही. कुष्ठरोगाचा चट्टा सहसा दुधासारखा पांढरा नसतो, फिकट किंवा लालसर असतो आणि तेथे स्पर्श किंवा टोचलेले कमी कळते. कोडाच्या डागावर संवेदना पूर्ण शाबूत असते. संशय असल्यास सरकारी दवाखान्यात तपासणी मोफत होते. कुष्ठरोगही पूर्ण बरा होतो.

या विकारावर उजेडाने जागे होणारी वनस्पती वापरण्याची कल्पना फार जुनी आहे. आयुर्वेदात बाकुची, म्हणजे आपली बावची, श्वित्रावर सांगितली आहे. तिकडे इजिप्तमध्ये नाईल नदीच्या काठी उगवणाऱ्या एका रानटी झाडाच्या बिया खाऊन लोक उन्हात बसत. १९४० च्या दशकात कैरोमध्ये या बियांतून सोरॅलिन वर्गाची द्रव्ये वेगळी काढण्यात आली आणि तेथील त्वचारोगतज्ज्ञ अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी ती कोडाच्या रुग्णांना देऊन पाहिली. बावचीतही याच वर्गातील द्रव्य असते. दोन देश, दोन झाडे आणि गुण मात्र एकच. पुढे १९७४ मध्ये अमेरिकेत सोरॅलिनची गोळी आणि अतिनील किरणांचे दिवे यांची जोड देऊन सोरायसिस या खपल्यांच्या रोगावर यशस्वी उपचार झाले. या पद्धतीला ‘पुवा’ म्हणतात. दिव्याऐवजी ऊन वापरले तर तिलाच ‘पुवासोल’ असे नाव आहे.

सोरॅलिनचे काम वर सांगितलेल्या प्रकाशगतिक औषधाहून वेगळे आहे. ते पेशीच्या गुणसूत्रांत जाऊन बसते आणि अतिनील ‘अ’ किरण पडताच तेथे पक्के जोडले जाते. त्यामुळे सोरायसिसमध्ये भराभर वाढणाऱ्या पेशींचा वेग मंदावतो. कोडात हल्ला करणाऱ्या पेशी दबतात आणि केसांच्या मुळाशी शिल्लक असलेल्या रंगपेशी जाग्या होऊन वर सरकू लागतात. म्हणूनच गुण येऊ लागला की डागात आधी केसाभोवती तपकिरी ठिपके दिसतात आणि मग ते एकमेकांना मिळतात. बोटांची टोके, ओठ, तळवे येथे केस नसतात, म्हणून तेथे गुण उशिरा आणि कमी येतो. चेहऱ्यावर आणि मानेवर लवकर येतो. डागातले केसही पांढरे झाले असतील तर गुणाची आशा कमी धरावी.

उन्हातले धोके

पुवासोलमध्ये सर्वांत मोठी चूक होते ती घाईने. साध्या उन्हाचा लालपणा त्याच दिवशी दिसतो. सोरॅलिनमुळे होणारा दाह दोन ते तीन दिवसांनी पूर्ण चढतो. आज दहा मिनिटे बसलो, काही झाले नाही, म्हणून उद्या अर्धा तास बसलो, असे करणारा रुग्ण परवा फोड घेऊन येतो. यासाठीच हे उपचार रोज न देता मध्ये दिवस सोडून देतात आणि उन्हाची वेळ काही मिनिटांपासून सुरू करून हळूहळू वाढवतात.

फोड आल्याने आणखी एक तोटा होतो. कोडाच्या रुग्णात जेथे खरचटते, भाजते किंवा जखम होते तेथे नवा डाग उठू शकतो. म्हणजे डाग घालवण्यासाठी भाजून घेतले आणि डाग वाढवून बसलो, असे होते. ‘जितके जास्त भाजेल तितका लवकर गुण’ हा समज म्हणूनच पूर्ण चुकीचा आहे. हलकी गुलाबी छटा पुरते.

बावचीच्या तेलाची अडचण अशी की एका बाटलीत सोरॅलिन किती आणि दुसऱ्या बाटलीत किती, हे घरी कळत नाही. लावण्याचे औषध गोळीपेक्षा अधिक भाजते, म्हणून डॉक्टर ते पातळ करून देतात. बावचीचे चूर्ण स्वतःच्या मनाने पोटात घेतल्यामुळे यकृताला इजा झाल्याची उदाहरणेही वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. वैद्यांकडून घ्यायचे असेल तर नोंदणीकृत वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यावे आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यास हे घेत आहोत असे जरूर सांगावे.

गोळी घेणाऱ्यांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात:

* गोळी डॉक्टरांनी सांगितल्या वेळीच घ्यावी. रिकाम्या पोटी मळमळते, म्हणून थोडे खाऊन घ्यावी.
* गोळी घेतल्यापासून पूर्ण दिवस अतिनील किरण अडवणारा चष्मा वापरावा. औषध डोळ्याच्या भिंगातही पोचते. फुटपाथवरचा साधा काळा गॉगल पुरेसा नाही. चष्म्याच्या दुकानातून खात्री करून घ्यावा.
* उपचाराची मिनिटे संपल्यावर पुन्हा उन्हात शेतकाम, बाजार, क्रिकेट नको. औषध अजून अंगात असते.
* गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या माता, लहान मुले आणि यकृताचे रुग्ण यांना ही गोळी देत नाहीत.
* मधुमेह, रक्तदाब, संसर्ग यांवरची कोणतीही औषधे चालू असतील तर दाखवावीत. डॉक्सिसायक्लिनसारखी काही प्रतिजैविके आणि लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या उन्हाची संवेदना आणखी वाढवतात.
* खूप वर्षे आणि खूप वेळा पुवा घेतलेल्या गोऱ्या रुग्णांत त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले आहे. आपल्यात हा धोका कमी दिसतो, तरी उपचार अमर्याद काळ चालू ठेवत नाहीत.

औषधाशिवाय दिवा

या अडचणींमुळे गेल्या काही दशकांत एक सुटसुटीत पद्धत पुढे आली आहे. अतिनील ‘ब’ किरणांतील सुमारे ३११ नॅनोमीटरचा एक अरुंद पट्टा तेवढा देणारे दिवे निघाले. १९९७ मध्ये ॲमस्टरडॅममधील डॉक्टरांनी कोडावर त्यांचा चांगला उपयोग होतो असे दाखवले. यात गोळी नाही, त्यामुळे मळमळ नाही आणि दिवसभर चष्मा नाही. दिव्यासमोर असताना तेवढे डोळे झाकायचे. लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांनाही हा उपचार देता येतो. आज कोड आणि सोरायसिससाठी बहुतेक त्वचारोगतज्ज्ञ आधी याचाच विचार करतात. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आणि शहरांतील अनेक खासगी दवाखान्यांत असे दिवे आहेत. प्रकाशगतिक उपचाराची सोय मात्र अजून मोठ्या शहरांतील निवडक ठिकाणीच आहे आणि मलमही महाग आहे. पण आपल्यापैकी फारच थोड्यांना त्याची गरज पडते.

दिव्याच्या उपचारालाही चिकाटी लागते. आठवड्यातून दोन-तीन वेळा जावे लागते. सोरायसिसमध्ये वीस-तीस खेपांत चांगला फरक दिसतो. कोडात पहिले ठिपके दिसायलाच दोन-तीन महिने लागू शकतात, आणि किमान सहा महिने केल्याशिवाय ‘गुण नाही’ असे म्हणू नये. तालुक्याहून जिल्ह्याला आठवड्यातून तीनदा येणे म्हणजे तितक्या दिवसांची मजुरी आणि एसटीचे भाडे. ही अडचण डॉक्टरांना संकोच न करता सांगावी. कमी खेपांचा कार्यक्रम, घरी वापरायचा लहान दिवा किंवा देखरेखीखालचा उन्हातला उपचार, असे पर्याय काढता येतात. अर्ध्यावर सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्यापेक्षा ते बरे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*काचेच्या खिडकीमागे बसून ऊन घेतले तर चालेल का?* नाही. साधी काच अतिनील ‘ब’ किरण अडवते, पण ‘अ’ किरण बऱ्याच प्रमाणात पार होऊ देते. त्यामुळे एकीकडे उपचार नीट होत नाही आणि सोरॅलिन घेतले असेल तर खिडकीजवळ किंवा बसमध्येही कातडी भाजू शकते.

*ब्यूटी पार्लरमधला लाल-निळा दिवा हाच का?* नव्हे. मलमाविना नुसता रंगीत दिवा म्हणजे प्रकाशगतिक उपचार नव्हे. आणि औषध लावून दिवा देणे हे डॉक्टरांचे काम आहे, पार्लरचे नव्हे. चेहऱ्यावरच्या प्रत्येक काळ्या डागाला ‘उन्हाचा डाग’ समजून तेथे दिवा लावून घेऊ नये. वांगावर तर असा उजेड कित्येकदा डाग गडद करतो.

*लिंबू लावून उन्हात बसल्याने डाग जातात का?* लिंबाच्या सालीत आणि अंजिराच्या चिकातही सोरॅलिनच्या जातीची द्रव्ये असतात. ती लावून उन्हात गेल्यास फोड येतात आणि मागे काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. असे करू नये.

*कोडात दूध-मासे, आंबट, पांढरे पदार्थ वर्ज्य करावेत का?* पांढरे पदार्थ खाल्ल्याने पांढरे डाग पडतात याला आधार नाही. वाढत्या वयाच्या मुलाचे दूध, दही, अंडी, मासे बंद करून त्याला अशक्त करू नये.

*डाग पूर्ण जातील याची हमी आहे का?* नाही. हमी देणाऱ्यापासून दूरच राहावे. पुष्कळांना चांगला गुण येतो, काहींना थोडा येतो, काहींचे डाग परत येतात. डाग वर्षभर स्थिर असतील तर त्वचेचे किंवा रंगपेशींचे रोपण करता येते. २०२२ मध्ये अमेरिकेत कोडासाठी रक्सोलिटिनिब या मलमालाही मान्यता मिळाली आहे. म्हणजे मार्ग एकच नाही.

शेवटी

कोडाचा त्रास शरीराला जवळजवळ नसतो. तो माणसांकडून होतो. डाग दिसला की मुलीचे स्थळ मोडते, शाळेत बाकावर शेजारी कोणी बसत नाही, म्हणून घरचे लोक जिवाच्या आकांताने मिळेल ते तेल चोळतात आणि भर चैत्रात मुलीला गच्चीवर बसवतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००६ मधील ‘नितळ’ या मराठी चित्रपटाने हाच प्रश्न घराघरांसमोर मांडला होता. ज्यांना उपचार घ्यावेसे वाटतात त्यांनी ते अवश्य घ्यावेत, पण घाबरून किंवा भाजून घेऊन नव्हे. आणि ज्यांच्या अंगावर डाग नाहीत त्यांनी डाग असलेल्या माणसाच्या हातचा चहा निःशंक प्यावा. त्याला दिवाही लागत नाही आणि गोळीही लागत नाही.

उजेड हे चांगले औषध आहे. प्रत्येक औषधाप्रमाणे त्यालाही मात्रा आहे, वेळ आहे आणि पथ्य आहे. ती मात्रा शेजाऱ्याने किंवा बाटलीवरच्या चिठ्ठीने ठरवू नये. नवा पांढरा डाग, न भरणारी जखम किंवा उन्हात गेल्यावर वारंवार उठणारे पुरळ असेल, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांकडून त्याचे नाव ठरवून घ्यावे आणि मगच उन्हात बसावे.